गोपूनं नको म्हटलं होतं

कार्तिक सरत आला की आमच्या कुंभकोणमचे लोक कान झाकू लागतात. थंडी म्हणावी असं काही नसतं. दमलेला पाऊस थांबत थांबत पडत असतो, पहाटे कावेरीवर पातळ धुकं, भिंतींना ओल, पंख्याचा आकडा एकानं खाली. तेवढ्यावर दूधवाला माकडटोपी घालून येतो आणि हात चोळत म्हणतो, "अक्का, काय पनी पडलीय." तमिळमध्ये दव तेही पनी आणि हिमालयातलं बर्फ तेही पनीच. त्यामुळं माझा धाकटा भाऊ गोपू पनीखाली सापडून गेला, हे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना समजावता समजावता आमची पुरेवाट झाली. एकीनं तर विचारलं होतं, शाल नव्हती का त्याच्याकडं.

ह्या दिवसांत मी उदास होते असं लोकांना वाटतं. अगदी खोटं. मला हा ऋतू पूर्वी आवडायचा तेवढा आवडतोच, उलट थोडा जास्त. एरवी वर्षभर दुकान, घर, आल्या-गेल्याचं करण्यात माझा राग इकडंतिकडं पांगलेला असतो. मार्गळी महिन्याच्या आधीचं हे धुकं उतरलं, दारातली रांगोळी सकाळी उशिरापर्यंत ओली राहू लागली, की तो आपोआप घरी परत येतो. मी त्याला बसायला पाट देते. घरचे म्हणतात, सोड आता. मी म्हणते, तुम्ही सोडा, तुमच्याकडं आहेच काय सोडायला.

आमचं दुकान पितळेच्या भांड्यांचं, देवळाच्या रस्त्यावर. आमचे पूर्वज म्हणे तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारी होते. काय होते ते कुणी सांगत नाही, म्हणजे फार मोठे नसावेत. आमच्या हयातीत आम्ही घागरी, समया, कॉफीचे डबरा-पेले विकत आलो. कार्तिकात दिव्यांची झुंबड असते. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हा दोघांना लहानपणीच टिचकी शिकवली. घागर उचलायची, तळहातावर मोकळी धरायची आणि नखानं टिचकी मारायची. नाद सरळ लांबत गेला तर भांडं धड. मध्येच बसला तर कुठंतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. गोपू डोळे मिटून ऐकायचा. "काय वाजतंय ते सांग," अप्पा म्हणायचे. "गिऱ्हाइकाला काय हवंय ते नक्को." लग्नघरची माणसं दारात गाडी उभी करून खोळंबलेली असली तरी अप्पांनी बसक्या नादाची घागर कधी दिली नाही. त्यांना भांडण चाललं असतं, पण चिरलेली घागर विकणारा म्हणून नाव घेतलेलं चाललं नसतं.

असल्या घरातला मुलगा बर्फात गेला. कॉलेजातून एका सहलीला म्हणून गेला, तो डोंगर बघून वेडा झाला आणि मग तिकडंच शिकला, तिकडंच राहिला. उन्हाळ्यात यायचा तेव्हा नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, डोळ्यांभोवती चष्म्याचा पांढरा पट्टा. अम्मा असती तर तिनं तेलात बुडवून ठेवला असता. मी ताक द्यायचे आणि तो तांब्यानं ताक पीत बर्फाच्या गोष्टी सांगायचा. पुढं पुढं त्याचं कामच ते झालं. हिवाळी ट्रेक नेणाऱ्या मंडळींबरोबर राहायचं, उतारावर खड्डा खणायचा, बर्फाचे थर बघायचे आणि आज ह्या वाटेनं जायचं की नाही ते सांगायचं.

एका दुपारी त्यानं स्वयंपाकघरात अप्पांना तो सगळा प्रकार करून दाखवला. पितळी परात घेतली, तीवर ओला पंचा अंथरला. पंच्यावर जाड साखर पसरली. साखरेवर तांदळाचं पीठ चाळणीनं सोडलं, हातानं दाबलं, पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं.

"हे बगा अप्पा. हिवाळ्याच्या तोंडाला थोडं बर्फ पडतं. मग आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी, दिवसच्या दिवस नवीन काही पडत नाही. खालचं ते पातळ बर्फ अशी साखर होऊन बसतं. कणाला कण धरत नाही. नंतर मोठं वादळ येतं, वारा येतो, वर हे पीठ दाबून बसवतो. वरून बगाल तर काय सुंदर दिसतं."

"मग?"

"मग कोणीतरी वरून चालत जातं." त्यानं परात एका बाजूनं उचलली आणि काठावर टिचकी मारली. पिठाचा अख्खा थर मध्ये तडकला आणि साखरेवरून सरकत ओट्याखाली पडला. मी ओरडले, आत्ताच झाडलं होतं मी. अप्पा मात्र परातीकडं बघत राहिले. मग त्यांनी परात स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, "आणि तू हे आधी ओळखतोस?"

गोपू म्हणाला, "खड्डा खणतो. बर्फाचा एक खांब मोकळा कापतो, वर फावडं ठेवतो आणि त्यावर हातानं ठोकतो. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. खांद्यापर्यंत जाऊनही खांब उभा राहिला तर बरं. मनगटालाच सरकला तर त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही."

"टिचकीच की ही," अप्पा म्हणाले. त्या दिवसापासून दुकानात येईल त्याला ते सांगत सुटले की आमचा गोपू हिमालयाला टिचकी मारतो. ओट्याखालची साखर काढायला मला मुंग्यांशी भांडावं लागलं, ते निराळं.

आता त्या माणसाकडं येते. त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तेवढीच त्याची जाहिरात, आणि जाहिरात त्याला फार आवडते. पुण्याचा. ट्रेक नेणारा. सगळे त्याला लीडर म्हणत, मीही तेच म्हणते. गोपूनं त्याच्याकडं काम धरलं ते मराठी बोलायला मिळेल म्हणून. घराबाहेर आम्ही तमिळच बोलतो, मराठी आमची उंबऱ्याच्या आतली. पहिल्याच भेटीत गोपूनं तोंड उघडलं आणि लीडर हसत सुटला. तू कुठल्या शतकातून आलास म्हणाला. पुढं शेकोटीभोवती पाहुणे जमले की तो गोपूला बोलायला लावायचा, बोल रे जरा तुझं ते. गोपूला त्याचं काही वाटत नसे, तोही हसायचा. मला वाटायचं. ज्याच्या बोलण्यावर दहाजणांसमोर हसायचं, त्याचं 'नको' कोण मनावर घेणार?

त्या वर्षीही असंच धुकं होतं. मी दुकानात समया पुसत होते. संध्याकाळी गोपूचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून तो कुठल्याशा धारेवर चढून आला होता, वाऱ्याचा आवाज मध्ये मध्ये येत होता.

"अक्का, अप्पांना सांग, आज टिचकी फार वाईट वाजली," तो म्हणाला. खड्डा खणला होता. खांब मनगटालाच सरकला, वरची अख्खी लादी त्याच्या मांडीवर येऊन बसली. परत येताना सपाटीवर पायाखालचं बर्फ भुस्स करून खाली बसलं होतं, तेही चांगलं नव्हे. त्यानं लीडरला सरळ सांगितलं होतं की हा उतार नको, उद्या नाही, परवाही नाही. त्यांच्या कामात एक रीत आहे. बर्फाच्या बाबतीत एकानं नको म्हटलं की बाकीच्यांनी मुकाट्यानं मागं फिरायचं, तो लहान असो की मोठा. ह्यानं ती मोडली. म्हणाला, पाहुणे इतक्या लांबून आलेत, पलीकडच्या खिंडीत फोटो काढल्याशिवाय ते परत जाणार नाहीत. तू भितोस तर तू थांब, मी नेतो.

"मग तू थांब," मी म्हटलं. "मी सांगतेय ना, थांब."

"मी थांबलो तर ते माझ्याविना जातील, अक्का. त्यांना काही कळत नाही. मी पुढं राहतो. बर्फ जायचंच असेल तर माझ्याखाली जाईल, मागच्यांना पळायला मिळेल."

ते त्याच्याखाली गेलं नाही. तो आणि त्याच्या मागचा मुलगा उताराच्या मध्यावर असताना वरून तडकलं. दोघंही गेले. लीडर अर्थातच सर्वांत मागं होता. तो अजून उतारावर आलाच नव्हता, खडकावर उभा राहून फोटो काढत होता.

माणसं चुकतात. तेवढ्यावर मी आयुष्यभर दात धरला नसता, खरंच नसता. पण परत आल्यावर त्यानं वार्ताहरांना सांगितलं की, आमच्या बर्फाच्या जाणकारानं वाट सुरक्षित आहे असा कौल दिला होता, म्हणून आम्ही निघालो. शिवाय गळा दाटून आणून म्हणाला, गोपाळ गेला, आता त्याला दोष देण्यात अर्थ नाही. किती मोठं मन. बाकीच्या पाहुण्यांनी संध्याकाळचं ते बोलणं ऐकलंच नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की गोपू पुढं चालत होता. पुढं चालणाऱ्याला वाट ठीक वाटली असणार, असं कुणालाही वाटेल.

गोपूच्या मागचा तो मुलगा सोलापूरचा, निनाद नावाचा. त्याच्या आईनं आमचा नंबर मिळवून फोन केला. अप्पांनी उचलला. ती बाई काय बोलली ते मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. तुमच्या मुलाला येत नव्हतं तर त्यानं सांगायचं होतं, माझं पोर मारलं त्यानं, तुमच्या मुलानं माझं पोर मारलं. अप्पा उभे होते. ते फक्त म्हणाले, "हो, बाई." मी फोन ओढून घेतला आणि सगळं सांगितलं, खड्डा, मांडीवर आलेली लादी, त्याचं नको म्हणणं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बहीण आहात, तुम्ही असंच म्हणणार. त्यात तिचं काय चुकलं? मीही तिच्या जागी तेच म्हटलं असतं.

मी अप्पांना विचारलं, हो का म्हणालात? ते म्हणाले, "लेकरू गेलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?" पण मला माहीत आहे, त्यातलं थोडं त्यांनी स्वतःसाठीही म्हटलं होतं. मी शंभरदा सांगितलं तरी छापून आलेल्याचा त्यांच्या मनावर पगडा बसला. ते दुकानात टिचकी मारीनासे झाले. गिऱ्हाईक घागर पुढं करायचं आणि ते म्हणायचे, तुम्हीच ऐका, मला हल्ली नीट कळत नाही. एकदा मी माडीवरून उतरले तर ते परात पुढ्यात घेऊन बसले होते आणि रिकाम्या परातीवर टिचक्या मारत होते, हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. मला बघून म्हणाले, "त्याला ऐकू आलं नसेल का गं? वारा असतो म्हणाला होता तिथं." दुसऱ्या पावसाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. मी त्याचं नाव घेते, ते वर लिहिलेलं नाही तेच.

तेव्हापासून कितीतरी सकाळी मी त्या माणसाचा निकाल लावलाय. कॉफीचं डिकॉक्शन उतरायला वेळ लागतो, त्या वेळात चांगलं जमतं. कधी त्याला चैत्रातल्या उन्हात कावेरीच्या कोरड्या वाळूत खड्डा खणायला लावते, काठावर उभं राहून म्हणते, आणखी खोल. कधी त्याला दुकानात बसवून प्रत्येक घागरीवर टिचकी मारायला लावते आणि चुकला की ती घागर डोक्यावर. कधी नुसतीच शेकोटी पेटवते, भोवती माणसं बसवते आणि म्हणते, बोल रे जरा तुझं ते. सूड म्हटलं की लोक कानांवर हात ठेवतात. देवळात प्रवचनाला जावं तर तिथंही क्षमा. क्षमेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ती मागायला कुणीतरी यावं लागतं, आणि आलेल्यानं काय केलं ते आधी मोठ्यानं सांगावं लागतं. गोपू म्हणायचा, खालचा साखरेचा थर वरून किती बर्फ पडलं तरी महिनोन्महिने तसाच राहतो, उलट वरचं ओझं वाढतं. मी म्हणते, राहू दे.

यंदा त्या लीडरचा फोन आला. मी समया पुसतच होते. आवाज म्हातारा झाला होता. "ताई, मी कुंभकोणमला येतोय," म्हणाला. धंदा बसला होता, गुडघे गेले होते, झोप लागत नव्हती. कुणा ज्योतिषानं नवग्रहांची देवळं करायला सांगितली होती आणि शेवटी कार्तिकी अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीवर स्नान. "तुम्हालाही भेटेन म्हणतो. तुम्हाला, बाबांना. मन मोकळं करायचंय."

"अप्पा गेले," मी म्हटलं.

"अरेरे," तो म्हणाला.

मी म्हटलं, घरी नको, विहिरीवरच भेटू.

ती विहीर इथून जवळच आहे. फार पूर्वी तिथं एक सत्पुरुष राहत होता. त्यानं वडिलांच्या श्राद्धाचं अन्न भटजींच्या आधी एका भुकेल्याला वाढलं. भटजी उठले, म्हणाले, गंगेत न्हाऊन ये, मग जेवू. कुठं गंगा, कुठं हे गाव. त्यानं तिला आळवलं आणि ती त्याच्या परसातल्या विहिरीतून वर आली. म्हणून त्या अमावास्येला पहाटेपासून माणसं रांग लावतात आणि काठावरची मंडळी एकेकाच्या डोक्यावर पाणी ओततात. गोपू गेल्यापासून मी तिथं न्हायले नाही. गंगा म्हणजे वरचं वितळलेलं बर्फ, ते मी कशाला डोक्यावर घेऊ? पण ह्याच्या त्या स्नानाचा विचार करून करून माझा जीव जळत होता. त्या सत्पुरुषाचा अपराध काय, तर भुकेल्याला जेवू घातलं. त्याच्यासाठी आलेलं पाणी हा माणूस आपल्या टकलावर घेणार, आणि ओल्या अंगानं पुण्याची गाडी धरणार.

विहिरीवर पाणी ओतायला सुंदरम मामा असतात. तिथल्या घागरी आमच्याच दुकानातल्या, अप्पांनी वाजवून दिलेल्या. मी आदल्या दिवशी मामांना भेटून सगळं सांगितलं. मामा जुने, अप्पांबरोबर शाळेत होते. त्यांनी ऐकलं आणि पानाचा तोबरा बाजूला थुंकून म्हणाले, "तू हात वर करेपर्यंत मी त्याच्यावर थेंब टाकणार नाही."

उजाडताना झिमझिम होती. रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली, म्हाताऱ्या कुडकुडत होत्या. तो दिसला तो मी लगेच ओळखला. नवीन पंचा नेसलेला, उघडा, पोट सुटलेलं, छातीवर हात गुंडाळलेले. मला बघून त्यानं हात जोडले. मीही जोडले, रीत असते. त्याची पाळी आली, त्यानं डोळे मिटून मान खाली घातली. मामांनी भरलेली घागर कमरेवर टेकवली आणि थांबले. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

मी त्याच्याशी मराठीत बोलले. "काय धुवायला आलात ते आधी सांगा. मला नको, मला माहीत आहे." मी मोबाइल काढला. त्यात 'सोलापूर' एवढंच लिहिलेला एक नंबर मी कधी पुसला नव्हता.

"ताई, इथं? लोकांसमोर?"

"छापायला सांगितलंत तेव्हाही लोकच होते."

"मी नंतर करतो. शपथेवर सांगतो, पुण्याला गेल्यावर करतो."

मागची रांग चुळबुळू लागली. कुणीतरी विचारलं, काय झालं? मामा तमिळमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यांना आधी एक फोन करायचाय."  सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं पंच्याची गाठ पुन्हा आवळली. मला त्याची दया येईल अशी मला जरा भीती होती. आली नाही, आणि मला फार बरं वाटलं.

मी नंबर लावला, आवाज मोठा केला. पलीकडं 'हॅलो' आलं तसं मी मोबाइल त्याच्यापुढं धरला. त्यानं आधी आपलं नाव सांगितलं. मग म्हणाला, "निनादच्या आई, गोपाळनं आदल्या दिवशी खड्डा खणून बघितलं होतं. उतार धरणार नाही म्हणाला. नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही. तू आला नाहीस तरी मी नेतो म्हटलं, म्हणून तो पुढं झाला."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"मग तुम्ही तसं का सांगितलंत तेव्हा?" तिनं विचारलं.

"घाबरलो होतो."

तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही कुठून बोलताय? त्या मुलाच्या घरून?"

"त्याची बहीण इथं आहे."

"त्याचे वडील आहेत ना? मी त्यांना फार वाईट बोलले हो. ते बिचारे हो म्हणाले होते, एक शब्द उलटून बोलले नाहीत. त्यांना द्या जरा फोन. मला त्यांच्याशी बोलायचंय."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आता मी फोन घेईन, हे मी सांगेन, अशा नजरेनं. मी मोबाइल त्याच्या तोंडापाशी आणखी जवळ नेला.

"सांगा," मी म्हणाले. "हेही तुम्हीच सांगा."